बटण अध्यक्षांच्या खिशात

गेल्या आठवड्यात मी माझंच जुनं लिखाण, गावाकडच्या आठवणी, उघडायला गेलो, तर संगणकानं सांगितलं, आधी वर्षाचे पैसे भरा. मराठी टायपिंगचं हे सॉफ्टवेअर मी काही वर्षांपूर्वी दुकानात जाऊन विकत घेतलं होतं. त्याचा रिकामा डबा अजून माळ्यावर आहे. मुलाला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आता कुणी विकत देत नाही. वापरायला देतात. दरवर्षी भरायचे." गाव माझं, आठवणी माझ्या, टाईप करताना बोटं माझी दुखली, आणि कुलूप मात्र तिसऱ्याच कुणाचं. मी संगणकाचं बटण दाबून बंद केलं आणि दोनशे पानी वही काढली. हे त्या वहीत लिहितोय.

त्याच आठवड्यात आमच्या निवृत्त शिक्षकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये मी एक साधा प्रश्न टाकला होता. बैठक दर वेळी त्याच एका हॉटेलात का घेता? दहा मिनिटांत प्रश्न गायब. मी पुन्हा टाकला, पुन्हा गायब. तिसऱ्या वेळेला ग्रुपला अशी काही कळ फिरवली की फक्त अ‍ॅडमिन बोलणार आणि बाकीच्यांनी वाचायचं. जन्मभर वर्गात घसा फोडलेले शंभर-सव्वाशे मास्तर एका बोटानं मुके झाले. आणि त्यातले निम्मे मला खाजगीत म्हणतात, जाऊ द्या हो, कशाला लावून घेता.

लावून घेतो, कारण हे सगळं मी एकदा पाहिलेलं आहे. तेव्हा संगणक नव्हता, फोन नव्हता, गावात विजेचा खांबही नव्हता. एक रेडिओ होता. आणि त्या वेळी पेन माझ्या हातात होतं, म्हणून जास्तच झोंबतं.

तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, अकोल्याचाच एक तालुका होता. माझं घर मानोऱ्याकडचं. पहिली नेमणूक मिळाली ती जऊळक्याच्या स्टेशनावर उतरून दीड तास चालावं लागे अशा गावात. मी बावीस वर्षांचा होतो आणि पहिल्या दिवसापासून बदलीची वाट पाहत होतो. शाळा दोन खोल्यांची, आणि समोर रस्त्यापलीकडे ग्रामपंचायतीची एक खोली. त्या खोलीत सरकारकडून आलेला रेडिओ होता. गावाचा रेडिओ. त्याला लाकडी पेटी, पेटीला कुलूप, छपरावर भोंगा.

रेडिओसाठी गावात श्रोता मंडळ होतं. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की मंडळानं ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि दर पंधरा दिवसांनी रेडिओ केंद्राला अहवाल पाठवायचा. अहवालासोबत गावातून एक प्रश्न जायचा. निवडलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढं कार्यक्रमात मिळत, गावाच्या नावासकट. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. ज्यानं कुणी ती काढली त्याला वाटलं असेल की आता शेतातला माणूस विचारेल आणि शहरातला शिकलेला माणूस उत्तर देईल. मधे आम्ही बसलो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

मंडळाचे अध्यक्ष साठीच्या घरातले, संत्र्याची बाग असलेले गृहस्थ. पांढरंशुभ्र धोतर, काळी बंडी, सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझा तोल जाणार आहे. कुणाच्या घरी मयत झाली तर ते पहिले हजर असत. रेडिओ ते स्वतःच्या रुमालानं पुसत. पण स्टेशन फिरवायचं बटण त्यांनी रेडिओतून उपटून काढलं होतं आणि ते बंडीच्या खिशात ठेवलेलं असे. पोरं येता-जाता फिरवतात, असं त्यांचं म्हणणं. पेटीला कुलूप असताना पोरं कशी फिरवतील, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, बॅटरी उतरते."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. गाणी का लावत नाही? बॅटरी उतरते. बातम्या? बॅटरी उतरते. दुपारी मात्र कधीकधी पंचायतीच्या लावलेल्या दाराआडून बारीक आवाजात गाणं ऐकू यायचं, आणि दारापाशी भाऊंच्या चपला असायच्या. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. कुणी बोलत नसे. माळ्यांच्या घरातला एक म्हातारा तेवढा म्हणायचा, "रेडिओ गावाचा, कानबी गावाचे, अन् बटन भाऊच्या खिशात."

मंडळाचे सभासद वीस, सगळे पुरुष, खोलीत सतरंजीवर बसत. बाया बाहेर, पंचायतीच्या भिंतीला टेकून, भोंग्याखाली. त्यांना सभासद व्हायला बंदी नव्हती, फक्त कुणी केलं नव्हतं. मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर वळणदार होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

भिंतीशी बसणाऱ्या बायांमध्ये बौद्धवाड्यातली एक बाई रोज यायची. पस्तीस-छत्तीस वर्षांची असेल, मी तिला मावशी म्हणत असे. नवरा रेल्वेत गँगमन, आठवडा-आठवडा लाईनीवर, म्हणून नाल्याकाठचं तीन एकर वावर तीच पाहायची. खाली अंथरायला एक रिकामी कापडी थैली आणायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यावर मांडी घालून बसायची. ऐकताना तिचे ओठ हलत. मला वाटायचं पुटपुटते आहे. ती पाठ करत होती.

त्या बाईच्या हातचं बी नामांकित होतं. ज्वारी कापणीला यायच्या आधी ती एकटी वावरात फिरायची आणि भरल्या, टपोऱ्या कणसांना चिंधी बांधून ठेवायची. ती कणसं वेगळी कापून चुलीवरच्या आढ्याला टांगायची, म्हणजे चार-सहा महिने धूर खाऊन त्यांना कीड लागत नसे. पेरणीच्या तोंडाशी हातानं चोळून दाणे काढायचे, राख लावायची, आणि मागायला येईल त्या बाईच्या पदरात ओंजळीनं घालायचे. मापानं बी द्यायचं नाही, अशी रीत तिच्या आईपासूनची. घेणाऱ्यानं पीक आल्यावर स्वतःच्या मनानं सूपभर ज्वारी आणून द्यायची. आठ घरं तिच्याकडून बी नेत. सहा वाड्यातली. दोन गावातली, आणि या दोन घरांत तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. बी चालत होतं, मागच्या दारानं.

मग दुष्काळ पडला. मी येण्याच्या आधीची गोष्ट. लोकांनी घरातलं होतं-नव्हतं ते खाल्लं, त्यात आढ्यावरची कणसंही गेली. पाऊस आला तेव्हा गावात गावरान ज्वारीचं बी राहिलं नव्हतं, आणि तालुक्याहून हायब्रीडच्या थैल्या आल्या. पहिल्या वर्षी पीक असं आलं की लोक बांधावर उभं राहून नुसते पाहत राहायचे. ठेंगणी ताटं, एकसारखी, कणीस मुठीत मावेना.

मावशीनं तेच केलं जे ती आणि तिची आई कायम करत आली होती. उत्तम कणसं निवडली, चिंध्या बांधल्या, धुरावर टांगली, राख लावली, आणि आठ घरांना ओंजळीनं बी दिलं. दुसऱ्या वर्षी जे उगवलं ते मी स्वतः पाहिलं, कारण मी नुकताच रुजू झालो होतो. एक ताट डोक्याच्या वर, त्याच्या शेजारचं कमरेएवढं. एकाचं कणीस पिकून वाळलेलं, दुसऱ्याचं अजून पोटरीत, पानाबाहेर न आलेलं. आठ घरांच्या वावरात हाच तमाशा. ज्यांनी दुकानातून नवी थैली आणली होती त्यांचं पीक मात्र एका रांगेत उभं.

शेतीतलं मला काही कळत नव्हतं, गावाला मात्र सगळं कळलं. बाईचा हात बिघडला. कुणी म्हणालं लोभानं हलकी कणसं ठेवली, कुणी आणखी काही म्हणालं जे मी लिहीत नाही. वर्षानुवर्षं त्याच हातचं बी पेरलेली घरं, एका हंगामात फिरली.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी शाळा सुटल्यावर ती दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, मले एक सवाल पाठवाचा हाय रेडिओले. लिवता का?"

मी वही काढली. ती उभ्या उभ्या सांगत गेली. पाठ करून आली होती, कुठंही अडखळली नाही.

"माह्या नावानं लिवा. मी हायब्रीडचं बी घरी राखलं. कनसं निवडून घेतली, धुरावर टांगली, राख लावली, काई कसूर केली नाई. आठ घराइले देल्लं. तं पीक बारीक-मोठं काहून झालं? हा माह्या हाताचा दोष हाय का त्या बीचा? बीचा असंल तं देतानी कोनी सांगतलं काहून नाई? आठ घरं वाट पाहून राह्यले. जे असंल ते भोंग्यावरून सांगा, सगळ्याइले आयकू जाईन असं."

मी लिहून घेतलं, जसं बोलली तसंच. मग विचारलं, "मावशी, उत्तर समजा तुमच्या विरुद्ध आलं तर?"

"येऊ द्या ना. मंग मी कोनाले बी देनार नाई. पन मले समजलं तं पाह्यजे." मग म्हणाली, "माहेराहून गावरान जवारीचं बी आनलं हाय, दोन शेर. जुनं, आजीच्या वखताचं. यंदा ते मी आठी घराइले वाटाले तयार हाय. पन माह्या हातचं आता कोनी घेत नाई. रेडिओनं सांगतलं तं घेतीन."

इतकं सोपं होतं ते. रेडिओनं एक वाक्य बोलायचं, की चूक हाताची नाही. मग तिच्या पदरातलं बी पुन्हा आठ वावरांत जाणार होतं.

मंडळाच्या बैठकीत मी तिचा प्रश्न वाचून दाखवला. अध्यक्षांनी मान हलवत ऐकला आणि म्हणाले, "मास्तर, हा सवाल हाय का गाऱ्हानं?"

मी म्हणालो, सवाल आहे.

"'कोनी सांगतलं काहून नाई' हे गाऱ्हानं झालं. सरकारनं बी देल्लं, रेडिओबी सरकारचा. बरं दिसते का ते? ते काढा. अन् 'मी', 'माहा', 'आठ घरं' हे घरगुती हाय. तिकडच्या साहेबाले आपल्या गावच्या घराइचं काय करनं? शेतकऱ्याचं म्हनून लिवा."

"आणि नाव?"

"ते बाई मंडळात कुटं हाय? मंडळाच्या बाहेरच्याचं नाव घालता येत नाई. कायदा हाय." असा कायदा कुठंही लिहिलेला नव्हता. भाऊंनी बंडीच्या खिशावर हात ठेवला होता, तेवढाच कायदा.

मी तावातावानं भांडलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. नाही भांडलो. उलट मी पेन घेतलं आणि काटछाट करायला लागलो, आणि सांगायला लाज वाटते, मला त्यात मजा आली. नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे मास्तर घडवणाऱ्या शाळेतून, नुकताच बाहेर पडलेला मी, पाल्हाळ काढून टाकायचं हेच शिकलो होतो. शेवटी कार्डावर उतरलं ते असं: "संकरित ज्वारीचे घरी राखलेले बियाणे पेरल्यास पीक कमी-जास्त उंचीचे येते. तरी उपाय सुचवावा. आपला, अध्यक्ष, श्रोता मंडळ." मला ते वाक्य सुटसुटीत वाटलं. भाऊ म्हणाले, "वा! याले म्हन्तात सवाल." मी खूश झालो. आज ग्रुपचा अ‍ॅडमिन माझा मेसेज पुसतो तेव्हा तोही असाच खूश होत असेल.

मावशीला मी सांगितलं, गेला तुमचा प्रश्न. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

दीड महिना ती एकही संध्याकाळ चुकली नाही. थंडी पडायला लागली तरी भिंतीशी थैली अंथरून बसायची. त्या आठ घरांतल्या बायांनाही तिनं बोलावून आणलं होतं. त्या जरा अंतर ठेवून बसत, पण येत. एके दिवशी भोंग्यातून गावाचं नाव आलं. "तेथील श्रोता मंडळाचे अध्यक्ष विचारतात," असं म्हणून निवेदकानं माझं सुटसुटीत वाक्य वाचलं. भाऊंनी टोपी सारखी केली. दोघा-तिघांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मग तज्ज्ञ साहेबांचा आवाज. उपाय विचारला होता, त्यांनी उपाय सांगितला. संकरित बियाणं घरी राखणं ही शेतकऱ्याची चूक आहे. काही लोक अजून जुन्या सवयीनं बी राखतात आणि दुसऱ्यांनाही देतात, त्यामुळं त्यांचं आणि शेजाऱ्यांचंही नुकसान होतं. तसं करू नये. दरवर्षी नवी थैली विकत घ्यावी. पुढचा प्रश्न.

संपलं. का होतं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते कार्डात विचारलेलंच नव्हतं. बाईला कुणी सांगितलं होतं का, हेही नाही. मी ते स्वतःच्या हातानं खोडलं होतं.

बाहेरून एका बाईचा आवाज आला, "आयकलं ना? शेजाऱ्याचंबी नुकसान होते म्हने." मग पावलं वाजली, बाया उठून चालल्या. मी बाहेर आलो तेव्हा मावशी भिंतीपाशी उभी होती. रडत वगैरे नव्हती. मला म्हणाली, "मास्तर, हा माहा सवाल नोहता."

मी म्हणालो, "मावशी, मंडळाचे नियम..."

"तुमी लिवला होता ना वहीत? मंग तो कुटं गेला?"

ती निघून गेली, आणि जाताना थैली तिथंच विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थैली परत करावी म्हणून मी उचलली. बसायला स्वच्छ राहावी म्हणून तिनं ती उलटी करून घेतली होती. मी सुलटी केली तर आतून छापील अक्षरं निघाली. हायब्रीडचीच थैली, इंग्रजी मजकूर. माझं इंग्रजी जेमतेम, शाळेतला शब्दकोश काढून एकेक शब्द लावत बसलो. बियाण्याचं नाव, वजन, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ. हे बी एकाच पेरणीपुरतं आहे, यातून निघालेलं बी पुन्हा पेरल्यास तसंच पीक येणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दीड महिना ती बाई तिच्या प्रश्नाच्या उत्तरावर बसली होती. ज्या गावात मराठी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत तिथं सूचना इंग्रजीत, बारीक टाईपात, आणि ती न वाचल्याबद्दल दोष कुणाचा, तर कणसांना चिंध्या बांधणारीचा. आज फोनवर काहीही उघडायला गेलं की आधी बोटभर लांबीचा इंग्रजी मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' एवढंच बटण. मी ते दाबतो. दर वेळी मला ती थैली आठवते, आणि तरी दाबतो.

थैली घेऊन मी भाऊंकडे गेलो. म्हणालो, दुसरा प्रश्न पाठवू, यावर असं छापलंय, हे लोकांना सांगायला हवं. त्यांनी थैली उलटसुलट पाहिली. "मास्तर, तो विषय झाला. एका विषयाचा एकच सवाल. आता पुढचा संत्र्याच्या डिंक्या रोगावर हाय."

मी तडक शाळेत आलो. बाहेरच्या भिंतीवर रस्त्याकडे तोंड करून एक फळा होता, सुविचार लिहायचा. तो माझ्या ताब्यातला होता. सुविचार पुसून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हायब्रीडचे बी एकदाच पेरायचे असते. हे थैलीवर इंग्रजीत छापले आहे. ज्यांनी बी राखले त्यांचा हात चुकलेला नाही." पोरांनी ते मोठ्यानं वाचलं. पाण्याला जाणाऱ्या दोन बाया थांबल्या आणि एकीनं पुन्हा वाचायला लावलं. त्यातली एक आठ घरांपैकी होती. मला वाटलं, जमलं.

दुपारच्या सुट्टीत भाऊ आले. आधी माझी विचारपूस केली, जेवण झालं का म्हणाले. मग ओला रुमाल काढला, ज्यानं रेडिओ पुसायचे तोच, आणि एकेक अक्षर नीट पुसून काढलं. कोपरेसुद्धा.

"फळा लेकराइचा हाय, मास्तर," ते म्हणाले, अगदी मायेनं. "अन् तुमची मानोऱ्याकडची बदली काय म्हन्ते? सभापती माह्या पाहन्यातले हायेत. उन्हाळ्यात भेटतीन, तवा बोलू का?"

फळा ओला होता. वाळायला पाच मिनिटं लागली असती. खडू माझ्या हातातच होता. मी म्हणालो, "बोला ना भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर स्वच्छतेचा सुविचार लिहिला.

मृग लागला तेव्हा मावशीच्या दारात पदर पसरायला कुणी आलं नाही. आठही घरांनी नव्या थैल्या आणल्या. माहेरची गावरान ज्वारी तिनं एकटीनं पेरली, आणि आली चांगली, सात-आठ हात उंच. पण गावरान उशिरा पिकते. गावभरची हायब्रीड कापून झाल्यावर तिचं एकच वावर उभं राहिलं आणि शिवारातली सगळी पाखरं तिथं उतरली. ती आणि तिची सासू दिवसभर डबे बडवत फिरायच्या. पुढच्या सालीही तेच झालं. आठ वावरांत असती तर पाखरांनी थोडी थोडी खाल्ली असती आणि पेरायला उरली असती. एका वावरात उरत नाही. हे मला नंतर कळलं. तोवर माझी बदली होऊन मी घरी पोचलो होतो.

हे एवढं वहीत लिहून झाल्यावर मी वाशीमला गेलो. मावशी आता मुलाकडे असते. मुलगा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला, घर पक्कं आहे, गॅस आहे, आढं नाही. तिला दिसतं कमी, ऐकू नीट येतं. मी सोबत ती जुनी वहीही नेली होती, चिटणीस असतानाची. सगळं वाचून दाखवलं, माझं खोडणं, माझं खूश होणं, बदली. मग जुन्या वहीतला तिचा प्रश्न वाचला, शब्द न शब्द. तिचे ओठ हलत होते. मी शेवटच्या ओळीला यायच्या आत ती म्हणून मोकळी झाली, "सगळ्याइले आयकू जाईन असं."

"हा माहा सवाल हाय," ती म्हणाली.

"मावशी, हे छापून येणार आहे. या वेळी तुमच्या नावानं देतो. पूर्ण नाव, गावासकट."

तिनं हात पुढं करून वही चाचपली. मग विचारलं, "त्या आठ घराइतलं कोनी हाय का आता, वाचाले?"

मी आठवून पाहिलं. दोन घरं पुण्याला गेली, एकाचं वावर विकलं गेलं, बाकीच्यांतल्या तिच्या वयाच्या बाया एकेक करून गेल्या. मागच्या दारानं बी नेणाऱ्या दोघी जणी तर केव्हाच. मी म्हणालो, "नाही, मावशी."

"मंग नाव राहू द्या. सवाल तेवढा पुरा छापा, खोडाखोड न करता. नाव तवा लिवाचं होतं, मास्तर. तवा आयकनारे होते, अन् घरात दोन शेर बी होतं."

तिचं पूर्ण नाव मला पाठ आहे. प्रश्न वर दिला आहे, जसा तिनं सांगितला तसा.